टिटवीची रेघ

हर्सूल, छत्रपती संभाजीनगर
९ फेब्रुवारी २०२५

दाजी, सप्रेम नमस्कार.

पत्र बघून दचकू नका. घरात सगळे खुशाल आहेत, कोणी गेलेलं नाही. आधी फोनच केला होता. तो मनकर्णानं उचलला आणि म्हणाली, "दादा, ह्यांला फोनवर काय बी ऐकू येत नाय. कानातलं मशीन लई शिट्ट्या मारतंय." म्हणून हा कागद. शिवाय फोन माणूस ठेवून देऊ शकतो, पत्र निदान फाडण्यापुरतं तरी हातात घ्यावं लागतं.

विषय आपल्या तळ्याकडच्या फुटबॉलच्या मैदानाचा आहे. चार मेला त्यावर शेवटची मॅच होईल आणि पाच तारखेला जेसीबी येईल. हिरवं प्लास्टिकचं गवत, चार कोपऱ्यांत दिव्यांचे खांब, पाठ टेकायला खुर्च्या, सगळा थाट आहे. आपल्या क्लबला रूपाली नावाची नवी सेक्रेटरी आली आहे, पोरगी मोठी हुशार. तिला मी विचारलं, "मग फक्की कोन मारनार?" ती म्हणाली, "काका, रेघा गवतातच विणून येतात. फक्की नको आता." चाळीस वर्षं दर रविवारी सकाळी चुन्याच्या फक्कीनं मैदान आखणाऱ्या माणसाला तिनं एका वाक्यात रिटायर केलं. चितेगावच्या ज्या कंपनीत नोकरी केली तिनं निदान शाल आणि नारळ तरी दिला होता.

मी म्हटलं, "आन् टिटवीची रेघ?" तिला काही कळेना. मग तिला सगळं सांगत बसलो. ८७ साली तळ्याकडच्या बाजूला, कोपऱ्याच्या झेंड्यापासून पंधरा पावलांवर, रेघेच्या हातभर आत टिटवीनं चार अंडी घातली होती. घरटं ना काडी, नुसत्या खड्यांत. तुम्ही म्हणालात, "टिटवीची अंडी हलवत नसतेत, पाऊस रुसतो." मग मी फक्कीची बादली घेऊन अंड्यांना आतल्या अंगानं वळसा घातला. टिटवी मैदानाबाहेर राहिली आणि रेघेला कायमचा बाक आला. दरसाल ती तिथंच यायची आणि दरसाल आपण बाक काढायचो. बाहेरगावचे संघ हसायचे. आपण म्हणायचो, आमच्याकडं असंच असतंय.

तर नव्या स्टँडच्या भिंतीवर जुन्या प्रेक्षकांच्या चाळीस आठवणी फरशीवर कोरून लावणार आहेत. प्रत्येकानं एक पान लिहून द्यायचं. तुम्हीही द्या. मॅचला शेंगा विकणाऱ्या चंपाबाईच्या उकडलेल्या शेंगा आहेत, बॉल तळ्यात गेला की निम्मं हर्सूल कपड्यांनिशी पाण्यात उतरायचं ते आहे. जे नको वाटेल ते वगळा.

मनकर्णाला आशीर्वाद.

सर्जेराव


देवगाव रंगारी
२१ फेब्रुवारी २०२५

सर्जेराव यांस नमस्कार.

पत्र मिळालं. फाडलेलं नाही.

गहू काढणीला आला आहे, त्यामुळे उत्तराला उशीर झाला. भिंतीवर लावण्यासारखं माझ्याकडे काही नाही. ९१ च्या फायनलनंतर मी त्या मैदानाकडे फिरकलो नाही, एस.टी.च्या वर्कशॉपातून कन्नड डेपोला बदली मागून घेतली. का, ते तुम्हांला ठाऊक आहे आणि साऱ्या हर्सूललाही ठाऊक आहे. माझं नाव तिथं लागलं तर लोक पान खाऊन नेमकी तिथंच पिंक टाकतील. नवी भिंत कशाला खराब करता?

चंपाबाईंच्या शेंगांत मीठ नेहमी जास्त असायचं. ही एवढीच आठवण. लावायची असली तर लावा.

नानासाहेब

ता. क. दादा, हे मी मनकर्णा लिहिते. यांनी तुमचं पत्र चार वेळा वाचलं. काल कन्नडहून शेंगा आणल्या आणि मला उकडायला लावल्या. खाताना म्हणाले, "आजून मीठ घाल." मी घातलं. परत म्हणाले, "आजून."


हर्सूल
९ मार्च २०२५

दाजी, नमस्कार.

तुमची आठवण चंपाबाईंना वाचून दाखवली. ऐंशीच्या घरात आहेत, पण जीभ अजून तशीच. म्हणाल्या, "मीठ जास्त हुतं तर तीन-तीन पुड्या कामून खात हुता, इचारा तुमच्या दाजीला." विचारलं आहे. उत्तर द्या.

आता नको ते लिहितो. रूपालीकडे त्रेसष्ट पानं जमली आहेत. परवा तिनं ती मला वाचून दाखवली. त्यांतली एकोणीस पानं एकाच गोष्टीची आहेत, तुमच्या झेंड्याची.

लोकांना मे ९१ मधली मनमाडविरुद्धची फायनल मिनिटामिनिटानं पाठ आहे. लाइन्समन आला नाही म्हणून प्रेक्षकांतून तुम्हांला उठवून तळ्याकडच्या बाजूला झेंडा दिला, हे आहे. आपण एका गोलनं मागं होतो, हे आहे. शेवटची दोन मिनिटं उरली असताना आपला सांडू रेघेच्या कडेकडेनं वाऱ्यासारखा निघाला, टिटवीच्या बाकापाशी त्यानं बॉल मध्ये टाकला, पोरांनी तो डोक्यानं जाळ्यात घातला आणि सगळं मैदान उठून नाचायला लागलं, हे आहे. आणि मग तुमचा झेंडा वर दिसला, हेही आहे. बॉल आधीच बाहेर गेला होता म्हणून रेफ्रीनं गोल रद्द केला. लोक धावत रेघेपाशी आले तर तिथं बाक नव्हताच, नुसती माती होती. सरळ रेघेच्या हिशेबानं बॉल हातभर आत होता. आमच्या चितेगावच्या कंपनीचे साहेब सांडूला कंपनीच्या टीमसाठी नोकरीवर घ्यायचं का ते बघायला खास आले होते. ते सामना संपायच्या आतच उठून गेले.

भिंतीसाठी निवडलेल्या चाळिसांत एक पान असं आहे: "देवगावच्या नानासाहेबांनी घरचा माणूस असून घात केला. सांडूचा गोलही गेला आणि नोकरीही गेली." तुम्ही माझ्या मावसबहिणीचे यजमान आहात हे रूपालीला माहीत नाही. ती सरळ म्हणाली, "काका, हे लावू ना? सगळ्यांची हीच आठवण आहे."

दाजी, कागदावरचं फाडता येतं. फरशीवर कोरलेलं पन्नास वर्षं राहील, तुमच्या नातवंडांनी उद्या येऊन वाचलं तर? एप्रिलअखेर मजकूर द्यायचा आहे. तुम्ही झेंडा का वर केला ते तुम्हीच लिहून पाठवा. तुमचं पान आलं तर हे लावू देणार नाही.

सर्जेराव


देवगाव रंगारी
३० मार्च २०२५, पाडवा

सर्जेराव,

लावू दे. खरंच आहे ते.

सांडूचं नुकसान माझ्या हातून झालं. तो एकवीस वर्षांचा होता. आज पंचावन्नचा असेल, टी पॉइंटवर पंक्चर काढतो असं ऐकतो. शहरात आलो तर मी तो रस्ता टाळून जातो. असल्या माणसानं भिंतीवर स्वतःची बाजू कशाला मांडायची?

त्या दिवशी अख्ख्या मैदानात माझ्या बाजूनं कोण होतं आणि त्यानं काय केलं, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. तेवढं मला जन्माला पुरलं. नंतर लग्नांत तू आणि मी पंगतीला शेजारी बसायचो आणि "मठ्ठा वाढा" यापलीकडे बोलायचो नाही, त्याचं कारणही तेच. आता उकरू नकोस.

गुढी उभारली. मनकर्णानं पुरण केलं आहे. तुला आवडतं म्हणून तिनं आठवण काढली.

नानासाहेब

ता. क. पुड्या तीन नाही, दोन. तिसरी तुझी असायची.


हर्सूल
८ एप्रिल २०२५

नान्या,

आता दाजी पुरे. तू पत्रात मला अरे-तुरे केलंस आणि त्याच पत्रात टोमणा मारलास. "त्यानं काय केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं." म्हणजे तू पाहिलं होतंस. चौतीस वर्षं तू ते पाहून गप्प बसलास आणि मी तू पाहिलं नसशील या आशेवर गप्प बसलो. बायकोलासुद्धा न सांगितलेलं आज कागदावर लिहितो.

त्या साली टिटवी बाकात नव्हतीच. दोन हात पलीकडे, मैदानाबाहेर बसली होती. मी सकाळी घाईत होतो, साहेबांना आणायला चितेगावला जायचं होतं. ती कुठं बसली आहे ते न बघताच सवयीनं वळसा घातला, तोही दरवर्षीपेक्षा मोठा. नसत्या बाकामुळे हातभर मैदान कमी झालं, आणि सांडूचा बॉल नेमका त्या हातभर जागेतून गेला. तुझा झेंडा वर गेला तेव्हा मला लख्ख समजलं, की नाना रेघेप्रमाणे बरोबर आहे आणि रेघ चुकीची आहे. ती माझी होती.

लोक आधी रेफ्रीच्या अंगावर धावले. ते रेघेकडे येणार, बाक बघणार, पलीकडे टिटवी बघणार आणि विचारणार की हे कोणत्या गाढवानं आखलं. मी तिथं जाऊन उभा राहिलो आणि चपलेनं बाक पुसून टाकला. बॉल गेलेल्या जागी फक्की तुटली होती की नाही, तेही पाहिलं नाही. डोळे मिटूनच पाय फिरवला.

मग त्यांनी तुला घरभेदी म्हटलं. कोणीतरी तुझी सायकल तळ्यात टाकली. मी सगळ्यांच्या मागे उभा होतो, चपलांना पांढरी फक्की लागलेली, आणि तोंड उघडलं नाही. माझ्या भित्रेपणापायी तू गाव सोडलंस. मला माफ कर असं लिहायची लाज वाटते, तरी लिहितो.

तू म्हणशील ते मी त्या भिंतीसाठी लिहून देतो, माझ्या नावासकट.

तुझा सर्ज्या


देवगाव रंगारी
१७ एप्रिल २०२५

सर्ज्या, अरे गाढवा,

तुझं पत्र वाचून मी ओट्यावर इतका वेळ हसत बसलो, की मनकर्णा पाणी घेऊन धावत आली. मग रडायला आलं. मग तिला सगळं वाचून दाखवलं. तिनं कपाळावर हात मारून घेतला. म्हणाली, "दोघं बी येडेच की!"

टोमणा नव्हता रे तो. ऐक.

मी बॉल पाहिलाच नाही. बाहेर गेला का आत राहिला, आजही देवाशप्पथ सांगता येणार नाही. सांडू धाडधाड करत आला आणि ती टिटवी उठली. अंड्यांवरची टिटवी कशी येते तुला माहीत आहे. ओरडत सरळ माझ्या टाळक्यावर आली. एकदा चोच घासून गेली आणि परत वळली. हातात होतं ते मी डोक्यावर उगारलं. हातात काय होतं? झेंडा! मी तो टिटवीवर उगारला आणि रेफ्रीनं शिट्टी फुंकली. पुढचं सगळं त्या शिट्टीनं केलं.

तेव्हाच ओरडून सांगायला हवं होतं. पण साऱ्या गावापुढं काय सांगू? पाखराला भ्यालो म्हणून फायनल घालवली? घरभेदी ऐकून घेणं सोपं वाटलं.

आणि मला खरी भीती होती ती रेघेची. फक्कीवरून बॉल गेला की रेघ तुटते. लोक येऊन बघतील, रेघ अखंड असेल आणि माझा झेंडा खोटा ठरेल, एवढंच डोक्यात होतं. तेवढ्यात तू दिसलास. एकटाच चालत आलास आणि चपलेनं रेघ पुसलीस. मला वाटलं, सर्ज्या मला वाचवतोय. त्याला माझं खोटं कळलंय, तरी माझ्यासाठी तो पुरावा पुसतोय, तोही स्वतः हातानं आखलेल्या रेघेचा. एवढं माझ्यासाठी कोणीच केलं नव्हतं. आणि असल्या मित्राला आपल्या खोट्यात ओढणाऱ्यानं त्याच्यासमोर कोणत्या तोंडानं बसायचं? म्हणून मठ्ठा वाढा.

तू मला बुडवलंस म्हणून तोंड चुकवत होतास आणि तू मला तारलंस म्हणून मी चुकवत होतो. दोघांनी मिळून एवढी वर्षं मातीत घातली. तुझा राग येत नाही असं म्हणणार नाही. आला, गव्हाचं पोतं लावेपर्यंत टिकला.

पण सर्ज्या, आपण एकमेकांना माफ करून मोकळे झालो तरी सांडू राहतोच. त्याला कोणी काही सांगितलेलं नाही. भिंतीचं नंतर बघू, आधी त्याच्या दुकानात जायचं, दोघांनी. तो जोड्यानं मारील तर मारून घ्यायचं. दोन मेला येतो. तीनला त्याच्याकडे जाऊ आणि चारच्या सकाळी फक्की आपण दोघं मारू.

तुझा नान्या


हर्सूल
१८ मे २०२५

नान्या,

कानातलं मशीन घेऊन जायचं विसरलास. मनकर्णा म्हणते, काढून ठेवल्यापासून तू जास्त बोलतोस. मशीन वेगळ्या पार्सलनं पाठवलं आहे, सोबत चंपाबाईंनी शेंगांची एक पुडी दिली आहे. एकच. दुसरी मी खाल्ली.

काल रूपालीनं सांडूची आठवण लिहून घेतली. तो लिहायला तयार नव्हता, म्हणून तो बोलत गेला आणि तिनं एकही शब्द न बदलता उतरवलं. तुझ्यासाठी नक्कल करून देतो:

"मी सांडू. टी पॉइंटला पंक्चरचं दुकान हाय माझं. तीन तारखेला हे दोघं म्हातारे आले. मला वाटलं, हवा भरायला आले असतेन. बसा म्हनलं तर बसंनात. मग एक म्हनला, रेघ म्या पुसली, आन् दुसरा म्हनला, झेंडा म्या टिटवीवर उगारला. दोघं बी एकदाच बोलायले. मला आधी काय उमजंना. उमजलं तव्हा हातातला पाना खाली ठिवला आन् मागं जाऊन ट्यूब पान्यात बुडवत बसलो. बुडबुडे बी बघंना मी, नुस्ता बुडवत व्हतो.

राग आला, खोटं कशाला बोलू? लई आला. चितेगावच्या टीममदी गेलो असतो तर काय झालं असतं, ह्येचा हिशोब म्या रोज केलाय, दुकान उघडताना बी आन् बंद करताना बी. बाहेर आलो तर दोघं तसेच उन्हात उभे. म्हनलं, आता ह्यांला काय बोलावं? मग म्हनलं, उद्या रेघ तशीच मारा, बाक काढून. मला तितून एक बॉल मारायचाय.

चार तारखेला मॅचच्या आधी गेलो, गुडघ्याला पट्टा बांधून. ह्या साली टिटवी बरूबर बाकातच बसलेली. नानासाहेब झेंडा घेऊन उभे, डोक्याला टावेल बांधलेला. लोक हसून हसून बेजार. मी पळालो. पळालो म्हंजी काय, लंगडलो. बाकापाशी बॉल घेतला आन् मारला. बॉल रेघंवरून पल्याड गेला, फक्की उडाली, समद्यांनी बघितली. पन नानासाहेबांचा झेंडा खालीच. दोनी हातांनी गच धरून ठिवलेला, व्हट दाबून. पोरांनी बॉल जाळीत घातला, रूपालीताई माइकवर गोल गोल वरडली, लोक नाचायले.

मी रेघंकडं बघितलं. रेघ तुटलेली व्हती. मग म्या सोताच हात वर केला. म्हनलं, आउट हाय. नानासाहेब, झेंडा वर करा. ते नाय नाय म्हनायले. म्हनलं, करा वो. मग त्यांनी केला. लई येळ वर धरून उभे व्हते. त्यांच्या डोळ्याला पानी, माझ्या बी.

भिंतीवर माझ्या नावानं येवढंच लावा: ९१ च्या फायनलचा बॉल बाहेर व्हता. मारनाऱ्याला ठाव असतंय."

हे कोरायला गेलं आहे. ते 'घात केला'वालं पान रूपालीनं सगळ्यांसमोर परत केलं, आणि ज्यानं लिहिलं होतं त्यानं ते मुकाट्यानं खिशात घातलं. जेसीबी आला आहे, अर्धं मैदान उकरून झालं. तळ्याकडची बाजू तेवढी सोडली आहे. रूपालीनं जेसीबीवाल्या साहेबांना सांगितलं, पिल्लं निघू द्या, पावसाला रुसवू नका. तुझंच वाक्य तिनं पळवलं.

सांडूचं ते वाचून मला राहवलं नाही. आज सकाळी सायकल काढली आणि त्याच्या दुकानावर गेलो. गिऱ्हाईक नव्हतं. विचारलं, "सांडू, खरं सांग. त्या साली बॉल खरंच बाहेर व्हता का रे?"

त्यानं माझ्याकडं बघितलं, पंप उचलला आणि म्हणाला, "काका, मागच्या चाकात हवा कमी हाय. भरू का?"

मी हवा भरून घेतली आणि घरी आलो.

तुझा सर्ज्या